कोंबड्यांसमवेत पुलापर्यंत

माधवनगर

श्री. नानासाहेब यांस,

सप्रेम नमस्कार. आपला गुडघा, आपली म्हैस आणि आटपाडीचा वारा हे तिघेही शांत असतील, अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम आहे. (हे वाक्य माझ्या सूनबाईंना फोनवर जसेच्या तसे वाचून दाखवावे.)

या घराला कुलूप लावून मला पुण्यास नेण्याचा सूनबाई पूजा यांचा निश्चय आपणास ठाऊक आहेच. एकटा म्हातारा कुठेतरी पडेल, ही त्यांची भीती. अखेर असे ठरले की, नातू शंभूराज याच्या मित्रमंडळींबरोबर मी पूर्वेकडील माळावरच्या जुन्या रेल्वेपुलापर्यंत पायी जावे आणि तंबूत मुक्काम करावा. हे साधले तर पुण्याचा विषय कायमचा बंद. निवाडा घरातील वडीलधारे या नात्याने आपण द्यायचा. (शंभूराजचे लेखी निमंत्रण मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवले. उत्तरादाखल त्याने केवळ एक अंगठा पाठवला.)

पूल मी निवडला. रूळ उखडले गेले, तरी दगडी खांब उभे आहेत. आपल्या भगिनी, म्हणजेच माझ्या पत्नी कै. रंगूबाई, लग्नानंतर याच पुलावरून छोट्या गाडीने सासरी आल्या. नदीला नाणे वाहण्याच्या रीतीप्रमाणे त्यांनी खिडकीतून नाणे टाकले. ते खडकावर खणकन वाजले, कारण पात्रात थेंब नव्हता. कोरड्या नदीला नाणे वाहणे निरर्थक आहे, असे मी सांगितले. त्या म्हणाल्या, “येईल की कवातरी पानी.” मी ‘पाणी’ हा शुद्ध उच्चार सांगितला. आमचे पहिले संभाषण ते एवढेच.

असो. माळावर सावली म्हणून जी काही होती, ती माझीच होती, आणि तीही माझ्यापुढे पळत होती. मंडळी पुढे गेली. मी एका दगडावर बसलो. उठणे मात्र जमेना. तेवढ्यात तात्याबा नावाचा मेंढपाळ मेंढरे घेऊन आला. सोबत संसार लादलेले घोडे. “आवं बाबा, पाय हायती का बाभळीची दांडकी? बसा घोड्यावर. कोंबड्या काय कुनाला सांगत न्हाईत!” अशा रीतीने डावीकडे पातेली, उजवीकडे जाळीत दोन कोकरे आणि पाठीशी कोंबड्या, अशा इतमामाने मी पुलाशी अवतरलो. शंभूराजने छायाचित्र काढले. तंबूत झोप उत्तम लागली. (एक कोकरू आत आले होते. ऊब चांगली असते.)

सारांश, मी पुलापर्यंत पोहोचलो. कसा, हा तपशील निवाड्यास अनावश्यक आहे. घरातील लहानथोरांस यथायोग्य सांगावे.

आपला दाजी,
केरबा

ता. क. – ते छायाचित्र हाच माझ्याविरुद्धचा एकमेव पुरावा आहे. शंभूराजने ते आपणास व मला पाठवले आहे. पूजास अद्याप नाही. त्यास दरडावून ते सर्वत्र पुसून घ्यावे. पत्रास कारण की हेच.

पुन्हा ता. क. – पुसू नये. माझ्या फोनवरचे पुसण्यापूर्वी ते नीट पाहिले. कोंबड्यांच्या मागे, पुलाखाली, पानी दिसते आहे. (हा शब्द असाच राहू द्यावा.) सिंचन योजनेचे सोडलेले का असेना, वाहते आहे. घोड्यावरूनच मी नाणे टाकले होते. आवाज आला नाही. आपण मोठी प्रत काढून ठेवावी. पूजाने पाहिले तर पाहू दे. पुण्यातही भिंतीला खिळा असेलच.