खिशात मावेल असं रिव्हॉल्व्हर

सोमवार, ७ ऑक्टोबर

ठरलं. रिव्हॉल्व्हर घेणार.

जेवताना ऑपलला सांगितलं. तिने घेवड्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि विचारलं, "गांडुळं चोरायला कोण येतंय?"

बायकोला सगळं विनोदी वाटतं. शनिवारी पहाटे रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या ड्वाइटला दोघांनी झोडपला. कपाळाला टाके पडलेत. माझं दुकान बरोब्बर समोर — गळ, गांडुळं, जिवंत छोटे मासे, बर्फ, कॉफी. तळ्यावर जाणारी मंडळी उजाडायच्या आत येतात, म्हणून मीही अंधारातच उघडतो. एकटा. सत्तरी उलटलेला.

दारावर वडिलांची दुनळी बंदूक टांगलेली आहे, पण ती सापांसाठी. ती खांद्यावर टाकून कॉफी कशी ओतणार? अख्ख्या आर्कान्सामध्ये खिशात काही न बाळगणारा बहुतेक मीच उरलोय. मी आणि आमचे पाद्री. पाद्रींचंही खात्रीने सांगवत नाही.

बुधवार, ९ ऑक्टोबर

बंदुका विकणाऱ्या वेडच्या दुकानात जाऊन आलो. जावई बरोबर होता. ब्रेंट म्हणजे शाळेच्या फुटबॉल टीमचा कोच, त्यामुळे त्याच्याबरोबर कुठेही जायचं तर निम्मा वेळ हस्तांदोलनात जातो. वेडने आधी शुक्रवारच्या मॅचचं पोस्टमॉर्टेम केलं, मग माझ्याकडे वळला.

पहिल्यांदा पिस्तूल हातात दिलं. वरचा भाग मागे ओढायचा असतो. ओढला. म्हणजे ओढायचा प्रयत्न केला. संधिवाताने माझ्या बोटांच्या गाठी झाल्यात — मला लोणच्याची बरणी उघडत नाही! वेड फार सभ्य माणूस, छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, तुम्हाला रिव्हॉल्व्हरच बरं. गोळ्या भरायच्या, चाप ओढायचा, संपलं.

ब्रेंटचं म्हणणं, घ्यायचं तर दणकट घ्या, सहा गोळ्यांचं, लांब नळीचं. "नळी बघूनच चोर स्वतःचं पाकीट काढून देईल, बाबा!" सगळं दुकान हसलं. माझ्या खांद्यावर हात टाकून त्याने मला सगळ्यांकडे फिरवलं. त्याच्या जवळ उभं राहिलं की आपणही कुणीतरी आहोत असं वाटतं.

वेडने मात्र सगळ्यात हलकं काढलं. ॲल्युमिनियमचं, पाच गोळ्यांचं, आखूड नळी. म्हणाला, खिशात ठेवलंत तर आहे हेसुद्धा विसराल. मी म्हटलं, विसरायला मला मदत लागत नाही.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

वेडच्या दुकानामागे मातीचा बांध आहे, तिथे ते हलकं रिव्हॉल्व्हर चालवून पाहिलं.

गोळी तिकडे गेली आणि बाकी सगळं माझ्याकडे आलं. मनगट, कोपर, खांदा, दातांची कवळी — एकूण एक हललं. कागदावरच्या माणसाला ओरखडा नाही. वेड म्हणाला, हलक्या वस्तूचा झटका जास्त. हे आधी सांगायला त्याची जीभ झिजत होती का?

शनिवार, १२ ऑक्टोबर

हात सुजला. ऑपलने गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी बांधून दिली. संध्याकाळी तेच वाटाणे ताटात!

मंगळवार, १५ ऑक्टोबर

लिओना डोकावली. माझी लेक नर्स आहे, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची ड्रेसिंगं करते. वाटेत दुकान लागतं. माझा हात बघितला, बोटं एकेक वाकवून पाहिली, मोडलं काही नाही म्हणाली.

मी सगळी कहाणी सांगितली. मला वाटलं आईसारखीच हसेल. तिने मलमाचं झाकण लावता लावता सांगून टाकलं — ॲल्युमिनियम नको, पोलादाचं घ्या, जड असतं पण झटका कमी. घोडा बाहेर नसलेलं घ्या, नाहीतर काढताना खिशाच्या अस्तरात अडकतो. कमी झटक्याच्या गोळ्या मिळतात, त्या मागा. आणि घेण्याआधी रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढून बघा. काहींचा फार कडक असतो, तुमच्या बोटांना झेपणार नाही. चामड्याच्या कव्हरशिवाय खिशात ठेवायचं नाही. त्या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही, किल्लीसुद्धा नाही.

एवढं कुठून कळलं म्हणून विचारलं. म्हणाली, म्हाताऱ्या पेशंटना दुसरा विषय नसतो, बाबा.

खरं आहे. आम्हाला नसतो.

शनिवार, १९ ऑक्टोबर

घेतलं! पोलादाचं. घोडा आत दडलेला. चाप मऊ. वेड म्हणाला, चांगली निवड केलीत, कुणी सांगितलं? मी म्हटलं, मीच. आता लेकीच्या नावाने खरेदी करायची का?

पाचांतल्या तीन गोळ्या कागदावरच्या माणसाला लागल्या. एक गुडघ्याला, पण लागली.

रविवार, २० ऑक्टोबर

लपवणं हा निराळाच धंदा आहे.

चर्चला जाण्याआधी ऑपलने परीक्षा घेतली. मी स्वयंपाकघरात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, ती ओळखणार कुठे आहे. कमरेला मागे लावलं — ओळखलं. घोट्याला बांधलं — दुसऱ्याच पावलाला ओळखलं. कोटाच्या आत — कोटच एका बाजूला लोंबला. कोंबडी पोटाखाली अंडं धरून चालते तसा चालतोयस, म्हणाली. शेवटी पँटच्या उजव्या खिशात, कव्हरसकट. ते दिसलं नाही, पण पँट उतरायला लागली. पट्टा आवळला तर श्वास घेता येईना. आता वडिलांचे सस्पेंडर्स लावतो, खांद्यावरून पँट धरून ठेवणारे पट्टे. ऑपल म्हणते, चोर आला तर माझा अवतार बघूनच दया येऊन परत जाईल.

रिव्हॉल्व्हर घरी ठेवून चर्चला गेलो. सस्पेंडर्स मात्र राहिले. तिघांनी विचारलं, बारीक झालास का, व्हर्जिल?

शनिवार, २६ ऑक्टोबर

आज शिकवणीला गेलो. आमच्या राज्यात सक्ती नाही, पण ऑपलने अट घातली होती — शिकल्याशिवाय ती वस्तू दुकानात न्यायची नाही.

शिकवायला फिंचरबाई. शेरीफच्या खात्यातून निवृत्त झालेल्या. केस आखूड, आवाज खणखणीत. मला सस्पेंडर्सवरून दोन शब्द ऐकवले आणि पहिल्या रांगेत बसवलं. त्यांनी सांगितलं त्यातलं एक लक्षात राहिलं. जिथून निघून जाता येतं तिथून निघून जायचं. दार असेल तर दार, फोन असेल तर फोन. नुसतं घाबरवायला म्हणून हे बाहेर काढायचं नाही. काढायचं ते दुसरं काहीच उरलं नाही तेव्हा.

मजा पुढेच आहे. सगळे निघाल्यावर बाईंनी थांबवलं. लिओनाचे वडील ना तुम्ही? म्हणाल्या, मुलीचा हात फार स्थिर आहे, माझ्या वर्गात तसा क्वचितच पाहिला. बरी आहे ना ती?

म्हणजे माझी लेक या वर्गाला येऊन गेलीय! आणि मला म्हणते पेशंट सांगतात! उद्या जेवायला येणारच आहेत दोघं. आता तिची अशी फिरकी घेतो की बस्स.

ऑपलला सांगितलं. हसली नाही. बाईंनी नेमकं काय विचारलं, म्हणाली. मी सांगितलं — बरी आहे ना ती, असं विचारलं. ऑपल बराच वेळ ओट्यापाशी पाठमोरी उभी होती.

रविवार, २७ ऑक्टोबर

सगळं लिहून ठेवतो.

चिकन झालं, गोड आलं. ब्रेंट शुक्रवारच्या मॅचचं सांगत होता, मजेत होता. मी म्हटलं, काल मला तुझ्या बायकोबद्दल एक बातमी कळली हं, ब्रेंट. तिचा हात म्हणे फार स्थिर—

ऑपलने टेबलाखालून माझ्या पायावर टाच दिली. जोरात.

मी लिओनाकडे पाहिलं. आयुष्यात तिचा तसा चेहरा पाहिला नव्हता. लहानपणी तळ्याच्या बर्फावर पाय घसरून आत गेली होती, तेव्हाही नाही.

ब्रेंटने काटा खाली ठेवला. "कोण म्हणालं, बाबा?" हसतच विचारलं. पण विचारताना तो माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

मी म्हटलं, त्या बिचमबाई, तिच्या पेशंट. लिओनाने ड्रेसिंग केलं ते कळलंसुद्धा नाही म्हणे. गांडुळं विकणाऱ्या माणसाला खोटं बोलायची सवय असते — काल इथे केवढाले मासे लागले, सांगावं लागतं. 

मग तो पुन्हा मॅचकडे वळला. मी मात्र बघत बसलो. ऑपलने लिओनाला कॉफी विचारली, उत्तर त्याने दिलं. नाताळचं विचारलं, उत्तर त्याने दिलं. लिओनाचा फोन त्याच्या ताटाशेजारी होता. घरात शेकोटी पेटलेली आणि पोरीच्या बाह्या मनगटापर्यंत.

लग्नाला किती वर्षं झाली यांच्या! मी दर रविवारी समोर बसतो.

सोमवार, २८ ऑक्टोबर

ऑपलला वसंत ऋतूपासून ब्रेंटवर संशय होता. दोनदा विचारलं, लिओनाने दोन्ही वेळा उडवून लावलं.

मला का नाही सांगितलंस, म्हणून ओरडलो. ती म्हणाली, "तू त्याच्याबरोबर मासे धरायला जातोस, व्हर्जिल. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं."

मी उठलो, कोट घातला. खिशात ते होतंच. ऑपल दारात उभी राहिली, हात पुढे केला.   शेवटी काढून दिलं. तिने गोळ्या काढल्या, लोखंडी पेटीत कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात घातली.

आता ते नेमकं कुठे असायला हवं, ते तिला कळलं. मला नाही.

बुधवार, ३० ऑक्टोबर

लिओना दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. मी दारावरची पाटी उलटी केली. मागे माशांच्या टाकीपाशी दोघं बसलो. 

मग तिने सांगितलं. सगळं इथे लिहिणार नाही. ती वर्गाला गेली, तिनेही घेतलं होतं, माझ्यासारखंच. ड्रेसिंगच्या बॅगेत ठेवायची. एका संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता आणि तिचा हात बॅगेत होता. तिने बाहेर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी फिंचरबाईंकडे नेऊन दिलं.

का दिलंस, विचारलं.

"मी चालवलं असतं, बाबा. नेम चुकला नसता. मला मारायचं नाहीये कुणाला. मला फक्त निघायचंय."

मी म्हटलं, मग निघू.

मला वाटलं ती रडेल. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "सस्पेंडर्स शोभत नाहीत तुम्हाला."

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

ऑपल आणि फिंचरबाई दिवसभर फोनवर. मला विचारतं कोण! मला काम एकच — दुकानाची व्हॅन रिकामी करून धुवायची. धुतली. माशांचा वास जात नाही.

वेड दुकानावरून गेला. काच खाली करून विचारलं, खिशात नीट बसतंय ना? मी म्हटलं, पेटीत आहे. तो म्हणाला, पेटीतलं काय कामाचं? मी त्याला गांडुळांचा डबा दिला आणि वाटेला लावलं.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

घरच्या मैदानावर मॅच. अख्खं गाव तिथे. ब्रेंट दिव्यांच्या उजेडात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर — या गावात शुक्रवारी संध्याकाळी तो कुठे असतो हे लहान पोरही सांगेल. आम्ही त्यांच्या मागच्या दाराशी व्हॅन लावली. दोन सुटकेसा, ड्रेसिंगची बॅग, आजीचं शिवणयंत्र. बाकी काही नको म्हणाली. गाडी चालवताना मैदानावरचा आरडाओरडा ऐकू येत होता. आमचेच जिंकत होते.

आता फिंचरबाई आमच्या फाटकाशी गाडी लावून बसल्यात. सोमवारी त्याच तिला संरक्षणाचा हुकूम मागायला कोर्टात नेणार आहेत. पेटी बंद आहे, किल्ली ऑपलच्या गळ्यात.

लिओनाने विचारलं, किती दिवस राहू?

ऑपल म्हणाली, "ते तू ठरव."