शनिवारच्या डब्यांचे पान

शनिवार, ९ जानेवारी १९९९. आचोळे.
स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास आज लिहून संपविला. गास गावाजवळच्या कन्याशाळेचा रौप्यमहोत्सव. माझ्या पत्नीने, सुमतीने, तेथे अखेरपर्यंत शिकविले, म्हणून समितीने काम माझ्याकडे दिले. बँकेतील टिपणांपलीकडे मी आयुष्यात काही लिहिलेले नाही. तिच्या नावाआधी ‘कै.’ घालणे नियमाने आवश्यक. घातले. खोडले.

सर्वांत लांबले ते डबेबदलीचे पान. शेतकरी घरांतल्या, मिठागरावरच्या, आदिवासी पाड्यावरच्या, अशा सर्व मुलींनी शनिवारी आपला डबा टेबलावर ठेवायचा व दुसरीचा उचलायचा. ही सुमतीची पद्धत. पहिल्याच वर्षी गावातल्या कुंदाच्या हाती पाड्यावरच्या जानकीचा सुकटीचा डबा आला. कुंदाची आई शाळेत येऊन मुलीला ओढत घेऊन गेली. पाठोपाठ गावातल्या बहुतेक मुली गेल्या. शाळा बंद पडणार, असेच सारे म्हणत. सुमती मात्र दर शनिवारी दोन डबे नेई: एक स्वतःचा, एक कुंदाच्या नावाने टेबलावर ठेवायला. पुढे कुंदा परतली, मग इतर. ती का परतली हे सुमतीलाही कधी कळले नाही. तेथे ‘कालांतराने’ असे लिहून वेळ मारून नेली आहे.

सोमवार, ११ जाने.
अध्यक्ष नानासाहेब घरी आले. कुंदा त्यांची बहीण; शाळेची जमीन त्यांच्या वडिलांनी दिलेली.
“साहेब, भाषा उत्तम. पण ते पान काढा. आमची आई, माई, अजून हयात आहे. ह्या वयात तिला चारचौघांत खाली बघायला लावू नका.”
मुद्दा गैर नाही. परंतु ते पान गेले की सुमतीविषयी उरते एकच वाक्य: ‘निष्ठेने सेवा केली.’ बँकेत निरोपसमारंभाला आम्ही प्रत्येकाविषयी हेच लिहीत असू.
छापखाना शुक्रवारपर्यंत थांबणार.

बुधवार, १३ जाने.
पान वगळून वाचून पाहिले. जमीन मिळाली, इमारत झाली, मुली आल्या. जणू आपोआप. कोणाला काही सोसावे लागलेच नाही.
ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांना आधी वाचून दाखविणे हेच रीतसर. माई नको म्हणाल्या, तर पान फाडीन. नानासाहेबांना फोनवर तसे कळविले. “बघा बुवा. तिच्या तोंडाचा पट्टा तुम्ही ऐकलेला नाही.”

गुरुवार, १४ जाने. संक्रांत.
यंदा आमच्याकडे सण नाही. तरी गेलो.
माई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होत्या. नानासाहेब दारात उभे. पहिल्या पानापासून वाचले. सुमतीच्या दोन डब्यांपाशी थांबलो. पाणी पिऊन पुढे वाचले. माईंचे हात थांबले होते.
“आनि पुडं?”
“एवढेच आहे.”
“एवडंच? मी बाईंना सटवी म्हनले होते, ते कुटं हाय?”
नानासाहेब म्हणाले, “आई, हे छापणार आहेत. लोक वाचतील.”
“वाचू देत. जमीन तुज्या बापानं दिली, ते दोनदा लिवलंय. भांडन मी केलं, ते एकदा पन नको?”
मग माझ्याकडे वळून: “सुकट आमीपन खातो, भाऊ. पन पाड्यावरच्या हातची, म्हनून माजं डोकं फिरलं.”
कुंदा परत कशी आली, हे मी विचारले.
“मिठागरावरच्या पोरींनी तिला सांगितलं, तुजा डबा टेबलावर असतो. झालं! शनिवारी पोरगी घरात घास घेईना. म्हने, माजा डबा शालेत हाय. उपाशी किती दिवस ठेवनार? मीच नेऊन सोडली, घरचा डबा देऊन. मग टेबलावर एक जास्तीचा राहिला. बाई म्हनाल्या, माई, तुमी उचला. मी उचलला, तो नेमका जानकीचा!”
“मग?”
“मग काय, बांधावर बसून खाल्ला. कोन बगत नाय ना, ते बगून. सुकटीत मीठ जास्त होतं. ते पन लिवा.”
मी हसलो. मोठ्याने. सुमती गेल्यानंतर प्रथमच. नानासाहेबसुद्धा तोंड फिरवून हसत होते.
निघताना हातावर तिळगूळ. “सन नसला तरी तोंड गोड करा.”

शुक्रवार, १५ जाने.
‘कालांतराने’ काढले. माईंचे शब्द त्यांच्याच बोलीत घातले. शुद्ध करण्याचा मोह आवरला. आता त्या पानावर सुमती आहे. बोलत फारशी नाही, पण आहे. दुपारी गाढ झोप लागली. पुष्कळ दिवसांनी.

रविवार, १७ जाने.
मजकूर छापखान्यात आहे. नानासाहेबांनी तेथे बजावून ठेवले आहे: प्रुफे प्रथम त्यांच्याकडे यावीत, ‘सटवी’ आणि ‘बांधावर’ यांविषयी त्यांना विचार करावयाचा आहे. अध्यक्ष या नात्याने तो अधिकार त्यांचा. माईंचाही निरोप आला: प्रुफे आधी त्यांना वाचून दाखवावीत.
दोघे एकाच घरात राहतात. छापखानदाराने विचारले, पाकिटावर नाव कोणाचे घालू?
मी सांगितले, नाव घालू नका. ओटीवर द्या.