नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर भेटू

देब्रेत्सेन, ८ ऑक्टोबर १९९७

ती. एटेल्काताईस,
सा. न. वि. वि.

आलुबुखारच्या मुरंब्याची बरणी धड पोचली. पिरोश्का म्हणते, आत्याने बांधलेलं पार्सल फोडायची टपालखात्याची छाती नाही.

परवा लेक मला डॉक्टरकडे घेऊन गेली. हल्ली मी विसरतो, अशी तिची तक्रार. डॉक्टरने आपल्या राजधानीबद्दल विचारलं. मी धडाधड सांगितलं : मधून डॅन्यूब, उजव्या काठाला टेकड्यांचं बुडा, डाव्या काठाला सपाट पेश्त, १८७३ साली सगळं मिळून एक शहर झालं, जिल्हे बावीस. तो खूश झाला. मग त्याने विचारलं, आत्ता आपण कुठल्या गावात बसलो आहोत. मी म्हणालो, बुडापेस्टमध्ये.

फजिती झाली खरी. दोन वर्षं लेकीकडे राहतोय, पण एकदम विचारलं की माणूस आपलंच गाव सांगणार ना? पिरोश्काने मात्र ते मनावर घेतलं. आता म्हणते, सर्व संतांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, बुडापेस्टला आपल्या आईच्या थडग्यावर यंदा एकट्याने जायचं नाही. तिला स्वतःला रजा नाही, म्हणजे जाणंच नाही. तू तिला दोन ओळी लिही, की अम्ब्रुश ठणठणीत आहे. तुझं ती ऐकेल. तुला सगळेच भितात.

बाकी बेत नेहमीचाच. न्युगाती स्थानकावर उतरून मी सहा नंबरची ट्राम धरतो. तू ब्लाहा चौकात राष्ट्रीय नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर थांब. तिथून अठ्ठावीस नंबरने दफनभूमीत जाऊ.

बुडाच्या टेकडीवरून थोडा लोभ खाली पेश्तकरांवरही सोडत जा.

तुझा,
अम्ब्रुश

बुडापेस्ट, १३ ऑक्टोबर

चि. अम्ब्रुश,
अ. उ. आ.

जिल्हे तेवीस. शोरोक्शारचा वेगळा जिल्हा होऊन तीन वर्षं झाली, आणि ते तुमच्याच पेश्तच्या बाजूला आहे. पण ते माफ.

पिरोश्काला लिहायला बसले होते. तुला काहीही झालेलं नाही, असं लिहूनही झालं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि माझं फाडलं. अम्ब्रुश, ते नाट्यगृह पासष्ट साली सुरुंग लावून पाडलं. आपण दोघं समोरच्या फुटपाथवर उभे होतो. त्यानंतर आपण दर वर्षी भुयारी रेल्वेच्या तोंडाशी भेटतो. गेल्या वर्षी तिथेच भाजलेले चेस्टनट खाल्ले आणि तुझी बोटं पोळली.

खोटं मी लिहिणार नाही. तू एकटा येऊ नकोस. रागावलास तरी चालेल, लोभ तेवढा कमी करू नकोस.

तुझी बहीण,
एटेल्का

देब्रेत्सेन, १९ ऑक्टोबर

ती. ताई,
नमस्कार.

तुझं बरोबर आहे. धुरळा आठवतो, कोट झटकल्याचं आठवतं. तरी ते पत्र लिहिताना पायऱ्या डोळ्यांसमोर होत्या आणि वर तू उभी, मला उशीर झाला म्हणून चिडलेली.

आता मात्र भीती वाटते. पिरोश्काला हे सांगितलेलं नाही. यंदा आलो नाही, तर पुढच्या वर्षी आईच्या थडग्याची रांग तरी माझ्यापाशी राहील का? असो. माझ्या नावाने एक मेणबत्ती लाव. शेवंती पांढरी घे.

आहे तसा गोड मानून घे.

अम्ब्रुश

बुडापेस्ट, २४ ऑक्टोबर

चि. अम्ब्रुश,
आशीर्वाद.

मेणबत्ती तुझी तू लावशील. तीस तारखेला मी देब्रेत्सेनला येते, एकतीसला आपण दोघं निघू, आणि परत आणून सोडायलाही मीच येईन. पिरोश्काशी फोनवर बोलले. ती रडायला लागली. तिला सांगितलं, रडणं पुरे, त्याचे लोकरी मोजे काढून ठेव.

चाळीस वर्षं मी वर्गात भूगोल शिकवला आणि एकाही मुलाची चूक सोडली नाही. तेव्हा हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिते. दफनभूमीच्या फाटकातून आत गेल्यावर पुढे तू चालायचं. रांग चुकली तरी मी मागून येईन, बोलणार नाही. मेणबत्त्या पुष्कळ घेतल्या आहेत. तू थांबशील तिथे लावू.

तुझी,
एटेल्का