मी भानावर आहे

प्रिय चिमणे,

कालपासून माझे कान बधिर झालेत. काल खटला सुरू झाला. मला कोर्टानं नेमून दिलेले वकील उठले, कोट सारखा केला आणि म्हणाले, "लाँड्रीला आग माझ्या अशिलानंच लावली. त्यात मालक गेले, हेही आम्हाला मान्य. पण ती तेव्हा भानावर नव्हती." आधी वाटलं, हे सरकारी वकीलच बोलतायत. मग कळलं, हे तर माझेच वकील. मी ओरडले, "मी नाही लावली!" तर न्यायाधीश म्हणाले, "खाली बसा, तुमचे वकील बोलतायत ना!"

आगीच्या दिवशी मालकांशी मी चारचौघांत भांडले, हे खरंच. मी तिथं चालवायचे त्या मोठ्या इस्त्रीच्या वायरला जळका वास येत होता, म्हणूनच ना! भांडून तडक घरी आले आणि डोक्यावर पांघरूण घेऊन झोपले. एकट्या बाईच्या झोपेला साक्षीदार कुठून आणू?

वकील माणूस वाईट नाही गं. माझी चप्पल तुटली तर स्वतः नवी घेऊन आले. पण काल कोर्ट उठल्यावर म्हणाले, "बाई, निर्दोष म्हणून हरलात तर जन्मठेप. वेड्या ठरलात तर मनोरुग्णालय, आणि कधीतरी घर." त्यांच्या मदतनीस वकीलबाई समजावता समजावता रडायलाच लागल्या. मी म्हटलं, "तुम्ही कशाला रडताय? वेडी मी ना?" कुणी हसलं नाही.

आणि कोर्टात वकिलांनी तुझा जबाबही वाचला होता. ताई लहानपणापासून एकटीच बडबडते, रागात तिला भान राहत नाही. अगं, आई गेल्यावर तुला झोप यायची नाही, म्हणून मी भिंतीशी गप्पा मारायचे, भिंतीच्या आवाजात उत्तरंही मीच द्यायचे. तू पोट धरून हसायचीस. तेच का हे बडबडणं?

मला सोडवायलाच तू बोललीस, कळतं मला. पण आज मी न्यायाधीशांना सांगितलं, हे वकील मला नकोत, माझं मी बोलेन. पुन्हा पुन्हा विचारून त्यांनी होकार दिला. आता तुझा जबाब सरकारी पक्षानं उचललाय. सोमवारी ते तुला साक्षीला उभी करतील, आणि तुझी उलटतपासणी मी घेणार. मला समोर बघून तू गांगरू नयेस, म्हणून लिहितेय. एकच विचारणार आहे: आग मी लावली, असं तुला वाटतं का? उत्तर देताना मला वाचवू नकोस.

तुझीच,
ताई