पान एकोणचाळीस

कोथरूड,
६ ऑगस्ट २०२५

चि. समाधान,
सप्रेम जय भीम व अ. आ.

माझे कान गेल्यापासून फोनवर तुझा आवाज नुसता भुणभुणतो, म्हणून पत्र. खराडीहून इथे यायला तुला महिनोन्महिने सवड होत नाही, पोस्टमन मात्र दोन दिवसांत येतो.

तुझ्या बापाने, म्हणजे आमच्या दादाने, परवा तुझ्या कंपनीचं माहितीपत्रक आणलं. सोमवारी, पंचवीस तारखेला शेअर विक्रीला निघणार. उपग्रहांवरून गावोगाव इंटरनेट आणि पुढे अंतराळातच एआयचे कॉम्प्युटर. दादा पान एकोणचाळीस उघडून सगळ्यांना दाखवतो, कारण तिथे तपासणारा म्हणून तुझी सही आहे. सहीच्या वर लिहिलंय, उपग्रहाचं आयुष्य आठ वर्षं. बुद्धपौर्णिमेला माझ्या घरी जेवताना तू पाच म्हणाला होतास. तीन वर्षं कुठून आली? दादाचे बस वर्कशॉपमधले जुने सोबती निवृत्तीचे पैसे त्यात घालणार आहेत, म्हणून विचारते.

सोनालीला सातवा महिना आहे, तिला दगदग करू देऊ नकोस. माझी माया आहेच, पण उत्तर हवं.

तुझी,
हिराआत्या


खराडी,
१० ऑगस्ट

ती. हिराआत्यास,
सविनय जय भीम, वि. वि.

सोनाली बरी आहे. तुझ्या हातचे लाडू आठवतात म्हणते.

आयुष्य पाचच वर्षांचं आहे. मग इंधन संपतं आणि उपग्रह खाली येऊन जळतो. गिऱ्हाइकांकडून पाच वर्षांत येतं त्यात त्याचा खर्च निघत नाही, तोवर पुढचा वर पाठवायची वेळ येते. आठ धरली की दरवर्षीची झीज कमी दिसते आणि कागदावर नफा उगवतो. आमचे प्रमुख केयूर सर म्हणाले, एआयचे कॉम्प्युटर वर गेले की इतका पैसा येईल की हा आकडा कुणाला आठवणारही नाही. त्यातला एकही अजून वर गेलेला नाही.

मी सही केली. फ्लॅटचे हप्ते आहेत, बाळ येतंय. बाबांना सांगू नकोस. रागाव, पण अबोला धरू नकोस.

तुझा,
समाधान


कोथरूड,
१४ ऑगस्ट

चि. समाधान,
सप्रेम जय भीम.

माझी चाळीस वर्षं सभांत गेली. मोठ्या शब्दांच्या मागे कोण झोळी धरून उभा आहे, हे मला मंचावरून दिसतं. अंतराळात जायला माझा विरोध नाही. विज्ञानाच्या बाजूने भांडतच मी म्हातारी झाले. पण जो धंदा आपलं यंत्र किती वर्षं जगतं एवढंही खरं सांगत नाही, त्याला कायम नव्या माणसांचे पैसे लागतात. या वेळची माणसं आपली आहेत.

ती कंपनीकडे बघून पैसे घालत नाहीत. हिंदुराव फिटर मला म्हणाला, "ताई, भीमरावच्या पोराची सही आहे, आणखी काय बघायचं?" तुझी सही कंपनीला याचसाठी हवी होती. वीस तारखेच्या आत ती मागे घे. नाहीतर रविवारी विहारात मी बोलेन, आणि दादाच्या तोंडावर बोलेन.

लाडू पाठवते आहे. ते सोनालीसाठी, तुझ्यासाठी नाहीत.

हिराआत्या


खराडी,
२० ऑगस्ट

ती. आत्यास,
सविनय जय भीम, वि. वि.

काल सही मागे घेतली. केयूर सर रागावले नाहीत, त्यांनी चहा मागवला. मला त्याचीच भीती वाटली. संध्याकाळी नवं पान निघालं. माझं नाव गेलं. त्या जागी लिहिलंय, उपग्रहांचं आयुष्य कंपनीच्या एआय प्रणालीने तपासलं आहे: नऊ वर्षं.

आठ नव्हे, नऊ.

रात्री बाबांना सगळं सांगितलं. मग ते हिंदुरावकाकांना फोन लावून म्हणाले, "पोराला त्या कामावरून काढलंय, म्हणून चिडलाय. आता मशीनच तपासतं, आणि मशीनला हप्ते नसतात." दोघांनी फॉर्म भरून ठेवलेत.

रविवारी तू बोल. मी तुझ्या शेजारी उभा राहीन. पण कुणी विचारलं, "तुझी सही तर तिथे नाही, मग तुला काय कळतं?" तर मी काय सांगू, तेवढं उलट टपाली कळव.

तुझा,
समाधान