अणुवीज केंद्राच्या इतिहासाचं पान एकसष्ट

४ मे

इतिहास गळ्यात पडला! आपलं अणुवीज केंद्र कधीच बंद झालंय, सप्टेंबरात वाफेचे उंच मनोरेही पाडणार, आणि त्या दिवशी नगरपालिकेला पुस्तक हवंय. नगराध्यक्षा रोझविटाबाई म्हणाल्या, "वेंडेलिनकाका, तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये बसलात. तुम्ही नाही तर कोण?" वर बजावलं — "आनंदी लिहा हं!" अणुभट्टीचा आनंदी इतिहास. बरं.

९ मे

पहिलं प्रकरण झालं. केंद्र येणार म्हटल्यावर ज्यांनी ट्रॅक्टर आडवे घातले, त्यांनीच पुढे केंद्राच्या पैशानं बांधलेल्या तलावात सूर मारले. सगळ्यात आधी विरोधी समितीचे अध्यक्ष, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत! फोटो आहे माझ्याकडे. छापणार.

१७ मे

फोटो बाद. अध्यक्ष म्हणजे बाईंचे वडील.

२ जून

केंद्रातला जुना सोबती ओटमार आला. टोपी हातात, दारातच उभा.

"एकोणनव्वद साल लिहिलंस का रे?"

"चाललंय."

"माझं एक वाक्य टाक. व्हॉल्व्ह ओटमारनं उघडला नव्हता. बस."

बिचारा! त्या वर्षी केंद्र अडीच दिवस बंद पडलं. वर्तमानपत्रात आलं — वीज पडली. आभाळात ढगाचा पत्ता नव्हता! खरं कारण सॉसेज. शिफ्टमध्ये वाढदिवस होता. पांढरे सॉसेज बाराच्या घंटेआधी संपले पाहिजेत, त्यात आमच्या बव्हेरियात पोपलाही सूट नाही. कँटीनची शेगडी बिघडलेली, घड्याळात साडेअकरा. मग पातेलं टर्बाइनपाशी नेलं आणि वाफेच्या एका नळीचा व्हॉल्व्ह उघडून पाणी तापवलं. सॉसेज झकास झाले. व्हॉल्व्ह बंद करायचा राहिला. नळी होती दाबमापकाची, काटा धाडकन खाली — चर्चच्या घंटेबरोबर आमचा धोक्याचा भोंगाही वाजला!

पातेलं ओटमारचं, ढेरीही ओटमारचीच. साहेबांना एवढा पुरावा पुरला. त्याला कंट्रोल रूममधून उचलून फाटकावर बसवला. निवृत्त होईपर्यंत तो आमच्याच पिशव्या तपासत राहिला. गावानं नाव ठेवलं सॉसेज-ओटमार.

३ जून

ते पान उद्या.

११ जून

उद्या नक्की.

२० जून

पान एकसष्ट झालं. 'हवामानातील बिघाडामुळे केंद्र काही काळ बंद होते.' दुसरं काय करणार? बाई छापूच देणार नाहीत. या नगरपालिकेला सत्याचं वावडं आहे! ओटमारला तेच सांगितलं.

"तू विचारलंस तिला?"

विचारणारच आहे, म्हटलं.

६ जुलै

ओटमार स्वतःच नगरपालिकेत जाऊन आला! लगेच बाईंचा फोन. "काका, ही गोष्ट कुठे दडवून ठेवली होतीत? लोक पुस्तक घेतील ते त्यासाठीच! फक्त व्हॉल्व्ह कुणी उघडला ते नाव घाला. नाहीतर लोक पुन्हा ओटमारच म्हणणार."

हल्लीच्या पुढाऱ्यांना काही धरबंधच उरलेला नाही.

१९ जुलै

दाढ दुखतेय. लेखन बंद.

७ सप्टेंबर

मनोरे पडले. बीअर, बँड, लांब बाकडी, सगळं गाव. आधी शिव्या घालणारे, मग नोकऱ्या मागणारे, आता टाळ्या वाजवणारे — माणसं तीच!

ओटमार माझ्या शेजारी बसला होता. चष्मा लावून त्यानं पान एकसष्ट वाचलं. 'एका अज्ञात कर्मचाऱ्याने व्हॉल्व्ह उघडा ठेवला.' बराच वेळ वाचत होता. एकच तर ओळ ती.

मग म्हणाला, "वेंडल, वाढदिवस तुझा होता. सॉसेजबरोबरची गोड मोहरीची चटणी तुझ्या बाहीला लागली होती. तुझी पोरं लहान, म्हणून मी तेव्हा गप्प बसलो."

मी नकळत बाही झटकली.

"म्हटलं, इतिहासच लिहितोय, तर आता तरी लिहील."

पुस्तक बाकड्यावर ठेवलं, टोपी घातली आणि गेला.

८ सप्टेंबर

उरलेल्या दोनशे बारा प्रती घरी आणल्या. 'अज्ञात कर्मचाऱ्याने' खोडून हातानं माझं नाव लिहितोय. पहिल्या प्रतीत अक्षर इतकं बारीक आलं की ती बाजूला ठेवली. आता अठरावी. विकल्या गेलेल्या प्रतींसाठी दारोदार जावं लागेल.