उघडं घड्याळ

रविवार, १२ तारीख

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. घरी सगळे बरे असाल. इकडे मीही बरा आहे. म्हणजे जेवण जातं आणि केस गेले.

परवा तू उभ्याउभ्या सल्ला देऊन गेलास. "दादा, नुसती इम्युनोथेरपी घे. केमोचं विष कशाला?" चहाही न घेता. तेव्हा दम लागला होता, म्हणून आता लिहितो. इम्युनोचं औषध लिम्फोमाच्या, म्हणजे माझ्या या गाठींच्या कॅन्सरच्या, पेशीला चिकटतं, मग शरीर तिला शत्रू म्हणून ओळखतं. केमो तिला वाढतानाच मारते. माझ्या आजारात दोन्ही मिळून द्यावी लागतात. एक चिमटा, दुसरा स्क्रूड्रायव्हर. नुसत्या चिमट्याने तू कधी स्क्रू काढलायस? घड्याळं दुरुस्त करायला मला कुणी शिकवलं नाही, हेही वाचूनच समजून घेतलं. तूही वाच.

गाठी उतरताहेत. मानेवरची तर आता हाताला लागत नाही.

हाताला तसं बरंच काही लागत नाही. केमोतल्या एका औषधाने बोटं बधिर होतात. डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारतात, मी "छे" म्हणतो. एकदा म्हणाल्या, "शर्टाची बटणं लावून दाखवा." तेव्हापासून टी-शर्ट घालून जातो. हो म्हटलं तर ते औषध कमी करतील, आणि तू गावभर सांगत सुटशील, दादाला माझं पटलं.

काल तुझी वहिनी डबा घेऊन दुकानात आली, तेव्हा मी टेबलाखाली शिरून स्क्रू शोधत होतो. तो माझ्याच अंगठ्याला चिकटलेला होता. तिने तो काढला आणि म्हणाली, "बाईंना तुम्ही सांगताय की मी सांगू?"

गुरुवारी सांगणार आहे. बाकीची औषधं चालूच राहतील, हे नीट वाच. बोटं परत येतील की नाही, ते त्यांनाही ठाऊक नाही.

तू दुरुस्त केलेलं प्रत्येक घड्याळ मी पुन्हा उघडून बघायचो, म्हणून तू दुकान सोडलंस. "मग मला ठेवलंयस कशाला, काचा पुसायला?" असं गिऱ्हाइकासमोर ओरडलास. बघायचो. बघायलाच हवं होतं, तू तेल जास्त घालतोस.

टेबलावर शाळेतल्या मुख्याध्यापिकाबाईंचं घड्याळ उघडं पडलंय. सुटे भाग काचेच्या झाकणाखाली आहेत. शुक्रवारी त्या न्यायला येतील. दुकानाची किल्ली वहिनीकडे आहे. तेल जपून.

तू बंद केलंस की मी उघडून बघणार नाही.

उघडता येत नाही रे.

तुझा,
दादा